क्लीव्हलंड प्राणिसंग्रहालयाचे सभासदत्व: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही अमेरिकेतील ओहायो राज्याच्या क्लीव्हलंड शहरातील क्लीव्हलंड मेट्रोपार्क्स प्राणिसंग्रहालयाचे कौटुंबिक सभासदत्व घेतले. आम्ही दोघे, सहा आणि तीन वर्षांची दोन मुले, आणि मे ते ऑक्टोबर या काळात पुण्याहून आलेले सासू-सासरे, असा आमचा परिवार. वर्गणी साधारणपणे आमच्या चौघांच्या चार वेळच्या तिकिटांएवढी होती. आज दहा महिने झाले असून पहिल्या दिवसापासून मी प्रत्येक फेरीची नोंद ठेवली आहे, म्हणून हा अनुभव अंदाजाने नव्हे तर हिशेबाने लिहीत आहे.

वर्गणी भरण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्यावी. कायाहोगा काऊंटी (क्लीव्हलंड ज्यात येते तो जिल्हा) आणि जवळचे हिंकली टाऊनशिप येथील रहिवाशांना या प्राणिसंग्रहालयात सोमवारी, सुट्टीचे दिवस वगळता, विनामूल्य प्रवेश मिळतो. पत्त्याचा पुरावा मात्र सोबत न्यावा लागतो. ज्यांची मुले अजून शाळेत जात नाहीत आणि ज्यांना सोमवारी सकाळी वेळ असतो, अशा काऊंटीतील कुटुंबांनी केवळ याच संग्रहालयासाठी वर्गणी भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमची मोठी मुलगी पहिलीत असल्यामुळे शाळेच्या दिवसांत सोमवार आमच्या उपयोगाचा नव्हता. आमच्या एकूण एकोणीस फेऱ्यांपैकी सहा उन्हाळ्याच्या सुट्टीतील सोमवारी झाल्या, आणि त्या मी हिशेबात धरत नाही, कारण त्या तशाही फुकटच झाल्या असत्या. उरलेल्या तेरांमध्ये वर्गणी तीन वेळा वसूल झाली.

पैशाच्या या हिशेबापलीकडे जाणवलेला फरक फेरीच्या लांबीत आहे. तिकीट काढून गेलो की सगळे पाहूनच निघायचे असा हट्ट होतो, मुले थकतात, दुपारी रडारड होते आणि शेवटी आत महागडे खाणे विकत घ्यावे लागते. कार्ड असल्यावर आम्ही घरून पोळी-भाजीचा डबा नेऊन दीड तासात फक्त हत्ती आणि जिराफ पाहून परत येऊ लागलो. येथे पार्किंगला पैसे पडत नाहीत, त्यामुळे अशा छोट्या फेरीचा वेगळा खर्च नसतो. पेशवे पार्कातील प्राणी पाहत वाढलेल्या माझ्या सासऱ्यांना तर ही रोजच्या फिरण्याची जागाच वाटू लागली, आणि गोरिलांसमोरच्या बाकावर नातवाला घेऊन बसण्याची त्यांची वेळ ठरून गेली.

सासू-सासऱ्यांसाठी मात्र आम्हाला सभासदत्वाची वरची पायरी घ्यावी लागली. बहुतेक ठिकाणी कौटुंबिक सभासदत्वात नाव असलेले दोन प्रौढ आणि त्यांची मुले एवढेच येतात. आजी-आजोबा त्यात आपोआप धरले जात नाहीत. पाहुण्यासाठी जादा जागा असलेल्या पायरीचा फरक सहा महिन्यांच्या मुक्कामात सहज भरून निघतो, पण तो पहिल्याच दिवशी विचारून घ्यावा.

गावाबाहेरच्या प्रवासात या कार्डाचा खरा लाभ कळला. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालये आणि मत्स्यालये यांच्या संघटनेची एक परस्पर सवलत योजना आहे. तिच्यात दीडशेहून अधिक संस्था सहभागी आहेत आणि एका संस्थेच्या सभासदाला दुसरीकडे बहुधा अर्ध्या दरात, काही ठिकाणी विनामूल्य प्रवेश मिळतो. जुलैमध्ये आम्ही ओहायोतीलच सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात गेलो. जानेवारी २०१७ मध्ये मुदतीच्या सुमारे सहा आठवडे आधी जन्मलेली आणि कर्मचाऱ्यांनी जिवापाड जपलेली फिओना ही पाणघोड्याची मादी मुलीला पाहायची होती, आणि जगातील शेवटची प्रवासी कबुतरीण मार्था १९१४ साली जिथे मेली ती जागा मला पाहायची होती. तिथे अर्ध्या दराने सहा जणांचे वाचलेले पैसे त्या रात्रीच्या जेवणाला पुरले.

याच योजनेत एकदा आमची अडचणही झाली. शेजारच्या राज्यातील एका प्राणिसंग्रहालयात माझ्या कार्डावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळेना, कारण एकावर पतीचे नाव मधे घालून पूर्ण नाव होते आणि दुसऱ्यावर नुसते आडनाव. अर्धा तास रांगेबाहेर उभे राहून शेवटी पूर्ण दराचे तिकीट घ्यावे लागले. आपल्याकडच्या तीन शब्दी नावांमुळे हे कोणाच्याही बाबतीत घडू शकते, तेव्हा सभासदत्वाच्या अर्जात ओळखपत्रावर असेल तसेच नाव लिहावे. सहभागी संस्थांची यादी बदलत असते, जवळजवळच्या संस्था एकमेकींच्या सभासदांना वगळू शकतात आणि पार्किंग किंवा विशेष कार्यक्रम या सवलतीत धरलेले नसतात. म्हणून निघण्यापूर्वी त्या ठिकाणी फोन करणे उत्तम.

सेंट लुईस, शिकागोचे लिंकन पार्क आणि वॉशिंग्टनचे राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय येथे सर्वांनाच विनामूल्य प्रवेश आहे. तिथे कार्डाचा उपयोग नाही, गाडी लावण्याचा खर्च तेवढा धरावा. ज्या कुटुंबांना सरकारी अन्नसाहाय्याचे कार्ड मिळते, त्यांना २०१४ पासून सुरू असलेल्या एका राष्ट्रीय योजनेखाली अनेक संग्रहालयांत माणशी तीन डॉलर किंवा त्याहून कमी दरात जाता येते. आपल्या सार्वजनिक ग्रंथालयातही एकदा विचारावे, कारण अनेक ग्रंथालये पुस्तकांप्रमाणे प्रवेशाचे पासही घरी देतात.

डिसेंबरपासून आम्ही फक्त दोनदा गेलो आहोत. शहराला लागून असलेल्या ईरी सरोवरावरून येणाऱ्या बर्फात तीन वर्षांच्या मुलाला बाहेर फिरवणे जमत नाही. आमच्या कार्डाची मुदत एप्रिलमध्ये संपते. सासू-सासरे यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात येणार आहेत, म्हणून मधले दोन महिने आम्ही सभासदत्व नसतानाच काढणार आहोत आणि त्यांचे विमान उतरले की नव्या वर्षाची वर्गणी भरणार आहोत, म्हणजे ते पुन्हा लवकर आले तर पुढच्या वर्षीचा मे महिनाही त्याच कार्डात बसेल.