पेनपॉट: मराठी मजकुराची पानं आखणाऱ्यांसाठी आणि रेल्वेत बसून काम करणाऱ्यांसाठी

पेनपॉट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ३६० पिक्सेल रुंदीचा बोर्ड, म्हणजे आखणीचं पान, घ्या. दोन्ही बाजूंना १६ पिक्सेलचं पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या आणि मुक्ता या फॉन्टच्या सेमीबोल्ड वजनात ३२ पिक्सेलला ‘दुसऱ्या सत्राच्या नोंदणीची अंतिम तारीख’ हे शीर्षक टाका. लाइन-हाइट, म्हणजे एका ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या पटीत, १.२ ठेवा. इंग्रजी शीर्षकांना ही सर्रास दिली जाते. मजकूर दोन ओळींत मोडतो आणि वरच्या ओळीतल्या ‘दु’चा उकार खालच्या ‘अं’च्या अनुस्वाराला टेकायला येतो. आता तीच लाइन-हाइट १.४५ करा. ओळींना श्वास मिळतो, पण दोन ओळींची उंची ७६.८ पिक्सेलवरून ९२.८ वर जाते. या १६ पिक्सेलमुळे कार्ड वाढतं, खालचं बटण सरकतं आणि लहान फोनवर ते पहिल्या पडद्याबाहेर जातं.

हे डिझाइनच्या टप्प्यावरच दिसणं ही पेनपॉटची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. मराठी वेबसाइट बनवणाऱ्याने एवढ्यासाठी तरी तो वापरून पाहावा.

पेनपॉट स्पेनमधल्या कलायडोस या कंपनीने सुरू केला. तो मोझिला पब्लिक लायसन्स २.० खाली मुक्त आहे. त्यांच्या सर्व्हरवर खातं उघडून वापरता येतो आणि स्वतःच्या मशीनवरही बसवता येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये अडोबीने फिग्मा हे याच कामाचं लोकप्रिय सॉफ्टवेअर २० अब्ज डॉलरला घेणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अनेकांची नजर पहिल्यांदा याच्याकडे वळली. तो व्यवहार डिसेंबर २०२३ मध्ये मोडला. पुढे एप्रिल २०२४ मध्ये पेनपॉटची २.० आवृत्ती आली आणि तिच्यासोबत सीएसएस ग्रिड, म्हणजे वेबपानाची ओळी-स्तंभांची मांडणी, आलं. फ्लेक्स, म्हणजे घटक एका रांगेत लावणारी मांडणी, त्याआधीच होतं.

फिग्मा आणि पेनपॉट यांतला खरा फरक आतल्या कामात आहे. फिग्मा कॅनव्हास स्वतः रंगवतो. सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेलं त्याचं इंजिन वेबअसेम्ब्लीतून, म्हणजे ब्राउझरमध्ये वेगाने चालणाऱ्या कोडच्या रूपात, चालतं आणि ग्राफिक्स कार्डाच्या मदतीने चित्र काढतं, म्हणून शेकडो बोर्डांची फाइलही सुरळीत सरकते. पेनपॉटने मात्र आजवर ब्राउझरच्या एसव्हीजी या रेषाचित्रांच्या पद्धतीवर आणि ब्राउझरच्याच मजकूर मांडणीवर भिस्त ठेवली. त्यामुळे मोठ्या फाइलीत तो जड होतो. पण क्रोममध्ये जोडाक्षर जसं जुळणार, रफार जिथे बसणार, तसंच ते बोर्डावर दिसतं. नवं वेगवान रेंडरर (चित्र काढणारा भाग) आणण्याचं कामही त्यांनी हाती घेतलेलं आहे. ते लागू झाल्यावर खालच्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतील.

चाचणीसाठी एकच ओळ पुरते: ‘वाङ्मय, ऱ्हास, दुसऱ्यांनी, ॲप, ऑगस्ट, कर्तृत्व, राष्ट्रीय, सर्वांगीण, शाळेतलं’. नवा फॉन्ट चढवला की आधी ही ओळ १६ पिक्सेलला आणि मग ४० पिक्सेलला टाकायची. ‘ङ्म’ सुटा पडला, ‘ऱ्या’मधला अर्धा र हलन्त दाखवत उभा राहिला किंवा ‘ॲ’च्या जागी चौकोन आला, तर तो फॉन्ट मराठीसाठी पुरा नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं. त्यामुळे जुन्या फॉन्टांत ते नसणं स्वाभाविक आहे.

मापांचं म्हणाल तर मजकुरासाठी १.६ ते १.८ आणि शीर्षकासाठी १.४ ते १.५ इतकी लाइन-हाइट मराठीला लागते. मुक्तासारख्या फॉन्टची स्वतःची उभी मापंच आकाराच्या दीडपटीहून जास्त जागा मागतात. पेनपॉटमध्ये लाइन-हाइट गुणकात लिहितात, पिक्सेलमध्ये नाही. ही सवय कोडमध्येही तशीच न्यावी. पिक्सेलमधली लाइन-हाइट लिहिली आणि वाचकाने फॉन्ट मोठा केला की वेलांट्या आणि उकार पुन्हा एकमेकांत घुसतात.

लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्यच ठेवा. इंग्रजी बटणावरच्या कॅपिटल अक्षरांना दिलेलं २ टक्के अंतर मराठी बटणावर तसंच राहिलं, तर शिरोरेघ तुटते आणि शब्द फाटल्यासारखा दिसतो. दोन्ही भाषांना एकच टायपोग्राफी स्टाइल लावली की ही चूक ठरलेलीच आहे. त्यामुळे ‘बटण मराठी’ आणि ‘बटण इंग्रजी’ अशा दोन स्टाइल पहिल्याच दिवशी वेगळ्या करून टाकाव्यात.

एक गोष्ट मात्र पेनपॉट दाखवत नाही. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये सांगितलं की ब्राउझर मराठी वळण उचलतो. पेनपॉटच्या मजकुराच्या पॅनेलमध्ये भाषा निवडायची सोय नाही, म्हणून बोर्डावर हिंदी वळणच दिसतं. ग्राहकाला चित्र दाखवताना हे आधी सांगावं. नाहीतर तीरो देवनागरी मराठी वापरावा, त्यात मराठी वळण मुळातच आहे. मात्र त्यात रेग्युलर आणि इटॅलिक एवढंच मिळतं. त्याला कोडमध्ये बोल्ड लावलं तर ब्राउझर अक्षरं नुसती जाड करतो आणि ‘क्ष’, ‘ळ’, ‘ण’ यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते. शीर्षकासाठी दुसरा फॉन्ट जोडीला घ्यावा.

आता मांडणी. इथे पेनपॉट वेब डेव्हलपरच्या भाषेत बोलतो. बोर्डाला फ्लेक्स लावलं की पॅनेलमध्ये दिशा, रॅप, गॅप, अलाइन, जस्टिफाय हीच नावं दिसतात आणि कोड दाखवणाऱ्या इन्स्पेक्ट टॅबमध्ये तेच सीएसएस उतरतं. ग्रिडमध्ये स्तंभांना एफआर (उरलेल्या जागेचा वाटा), पिक्सेल, टक्के किंवा ऑटो असं माप देता येतं. डिझायनरने जे ठरवलं तेच कोडमध्ये लिहायचं असल्यामुळे मधला तर्जुमा वाचतो. डिझाइन टोकन, म्हणजे नाव देऊन साठवलेली मूल्यं, २०२५ मध्ये आले. रंग, अंतर, गोलाई यांची मूल्यं जेसन फाइलमध्ये बाहेर काढून थेट बिल्डमध्ये घेता येतात. हा भाग उत्तम जमला आहे.

तरी इन्स्पेक्टमधलं सगळं उचलू नये. गॅप, पॅडिंग, रंग, फॉन्टचं वजन जरूर घ्यावं. बोर्डाची उंची मात्र कधीच घेऊ नये. पिक्सेलमध्ये ठरलेल्या उंचीत मराठी मजकूर मावत नाही, तिथे मिन-हाइट (किमान उंची) लिहावी. बोर्डावरही मजकुराला ‘ऑटो हाइट’ द्यावी, म्हणजे कार्ड आपोआप वाढतं आणि ग्राहकाने ऐन वेळी वाक्य लांबवलं तरी मांडणी टिकते.

चित्रात नीट आणि ब्राउझरमध्ये बिघडलेली सर्वांत नेहमीची गोष्ट म्हणजे दोन स्तंभांचं कार्ड. डावीकडे फोटो, उजवीकडे मजकूर. मजकुरात ‘आंतरविद्यापीठीय’ किंवा ‘पुनर्मूल्यांकनासाठी’ असा शब्द आला की उजवा स्तंभ कार्डाबाहेर जातो आणि फोनवर पान आडवं सरकू लागतं. फ्लेक्समधल्या घटकाची किमान रुंदी मुळात ‘ऑटो’ असते, म्हणजे त्याच्यातला सर्वांत लांब अखंड शब्द जेवढा, तेवढी. इंग्रजीत हे क्वचित जाणवतं. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, म्हणून रोज जाणवतं. त्या घटकाची मिन-विड्थ शून्य करावी आणि ओव्हरफ्लो-रॅपला, म्हणजे लांब शब्द मोडण्याच्या नियमाला, ‘एनीव्हेअर’ द्यावं. ग्रिडमध्ये नुसतं १ एफआर न लिहिता मिनमॅक्स वापरून किमान शून्य, कमाल १ एफआर असं लिहावं. पेनपॉटमध्ये डमी मजकूर भरतानाच असे दोन-तीन लांब शब्द टाकून ठेवले की ही अडचण पहिल्याच बैठकीत समोर येते.

दुसरी अडचण कापलेल्या मात्रांची. बातमीचं शीर्षक दोन ओळींत छाटून पुढे टिंबं दाखवायची असतात. त्यासाठी ओव्हरफ्लो (चौकटीबाहेर जाणारा मजकूर) लपवावा लागतो आणि लाइन-हाइट कमी असली तर पहिल्या ओळीवरचे रफार, चंद्र आणि अनुस्वार वरच्या कडेला छाटले जातात. ‘ऑगस्ट’चा ‘आगस्ट’ होतो. त्या घटकाला वरच्या बाजूने ०.१५ ईएम (अक्षराच्या आकाराच्या ०.१५ पट) पॅडिंग दिलं की प्रश्न मिटतो.

फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवरून देताना फाइल हलकी करायला त्यातली न लागणारी अक्षरं छाटतात. तिथे देवनागरी विभागाबरोबरच शून्य रुंदीचे दोन्ही जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे, ठेवायलाच हवेत. जुन्या टंकनातला ‘ऱ्या’ पुष्कळदा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे असा साठवलेला असतो. तो जोडक छाटलेल्या फॉन्टात नसेल तर नेमका तोच शब्द मोडू शकतो. शोधाच्या कोडलाही हा ‘ऱ्या’ आणि स्वतंत्र ‘ऱ’ अक्षराने लिहिलेला ‘ऱ्या’ वेगळेच वाटतात. युनिकोडच्या सामान्यीकरणाने ते एक होत नाहीत, बदल हाताने लिहावा लागतो.

पेनपॉटच्या उणिवा लपवण्यासारख्या नाहीत. शंभरभर बोर्ड आणि जड चित्रं असली की फाइल अडखळते. पानं तोडून, कंपोनंट (पुन:पुन्हा वापरायचे तुकडे) वेगळ्या लायब्ररी फाइलमध्ये ठेवून काम हलकं करावं लागतं. फिग्माच्या तुलनेत प्लगिन थोडे आहेत. हालचाली दाखवणारे बारकाईचे प्रोटोटाइप हवे असतील तर फिग्माच बरा. पण दोन-चार जणांचा स्टुडिओ, जिल्ह्याच्या वृत्तपत्राची वेबसाइट किंवा संस्थेचं संकेतस्थळ अशा कामांना पेनपॉट पुरून उरतो.

राहिला प्रवास. रोह्याहून ठोकूरपर्यंतच्या कोकण रेल्वेवर ९१ बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. अशा मार्गावर सर्व्हरवरचं कुठलंही डिझाइन सॉफ्टवेअर वापरणं म्हणजे जतन झालं की नाही याच्याकडे डोळे लावून बसणं. पेनपॉट लॅपटॉपवर बसवला तर इंटरनेटची गरजच राहत नाही.

त्यासाठी डॉकर, म्हणजे सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या तयार पेट्यांत चालवणारं साधन, लागतो. पेनपॉटच्या गिटहबवरून डॉकर-कंपोज फाइल उतरवायची, डॉकर कंपोजची ‘अप’ आज्ञा ‘वजा डी’ पर्यायासह द्यायची आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा ९००१ हा पोर्ट उघडायचा. फ्रंटएंड, बॅकएंड, एक्स्पोर्टर, पोस्टग्रेस डेटाबेस असे बरेच कंटेनर एकत्र उठतात. बॅकएंड जावाच्या यंत्रावर चालतो, म्हणून ८ जीबी रॅममध्ये ब्राउझर आणि कोड एडिटरसोबत ओढाताण होते. १६ जीबी असेल तर निवांत. डॉकरच्या इमेजेस (कंटेनरच्या तयार फाइली) निघण्याआधी घरच्या वायफायवर उतरवून, एकदा सगळं चालू करून पाहावं. कंपोज फाइलमध्ये आवृत्ती ‘लेटेस्ट’ न ठेवता नेमका आकडा लिहावा.

गूगल फॉन्ट्सची यादी नेटशिवाय उपयोगाची नाही. पाहिजे ते फॉन्ट टीटीएफ किंवा ओटीएफमध्ये डॅशबोर्डच्या फॉन्ट विभागात आधीच चढवावेत, लागणारी सगळी वजनं धरून. हे राहिलं तर बोर्डावर पर्यायी फॉन्ट येतो, ओळींची लांबी बदलते आणि गाडीत बसून चुकीची मापं पक्की होतात.

फोनवर डिझाइन पाहायला हॉटस्पॉटवरून लॅपटॉपचा आयपी पत्ता उघडला आणि लॉगिन पुन:पुन्हा त्याच पानावर येत राहिलं, तर कारण बहुधा कुकी असते. साध्या एचटीटीपीवर सुरक्षित कुकी टिकत नाही. ती बंद करणारा फ्लॅग कंपोज फाइलमध्ये आहे ना, हे पाहावं आणि पब्लिक यूआरआयच्या, म्हणजे पेनपॉटच्या बाहेरून उघडायच्या पत्त्याच्या, जागी तोच आयपी लिहावा. तरीही कॉपी-पेस्ट अडेल, कारण ब्राउझर क्लिपबोर्ड फक्त एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवरच पूर्ण मोकळा ठेवतो.

मुक्कामी पोचल्यावर फाइल डॉट-पेनपॉट स्वरूपात बाहेर काढून टीमच्या सर्व्हरवर आत घ्यायची. निर्यात करताना लायब्ररीचं काय करायचं असा प्रश्न येतो, तिथे लायब्ररी सोबत नेण्याचा पर्याय निवडावा, नाहीतर कंपोनंटचे दुवे तुटतात. लॅपटॉपवरची आवृत्ती सर्व्हरपेक्षा पुढची नसावी. आणि कंटेनर बंद करताना ‘डाउन’च्या पुढे ‘वजा व्ही’ कधीही लावू नका. त्याने व्हॉल्यूमच, म्हणजे कंटेनरचे डेटा साठेच, पुसली जातात, त्यांच्यासोबत पोस्टग्रेसमधलं सगळं काम जातं आणि डॉकर त्याआधी एकदाही विचारत नाही.