ओला कचरा: माठ, खड्डा की पालिकेची गाडी?

गोव्यातल्या घराचा ओला कचरा म्हणजे नुसती भाजीची देठं आणि चहाचा चोथा नव्हे. बांगड्याची डोकी, तिसऱ्यांच्या शिंपल्या, नारळाची सोडणं, करवंट्या हे सगळं त्यात येतं. वर जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. खतपेटी विकणारे या दोन्हींबद्दल अवाक्षर काढत नाहीत. फोंड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये माठ आहेत आणि माशेलच्या सासरच्या घरी खड्डा आहे. दोन्हींचा अनुभव घेऊन हे लिहिते आहे.

माठ फ्लॅटवाल्यांसाठी खरोखर चांगले. एकावर एक तीन माठ, बाजूला भोकं. मी डिचोलीच्या कुंभाराकडून घेतले. वरचा भरला की खाली सरकवायचा. अडीच-तीन महिन्यांत खालच्यात काळं, भुसभुशीत खत मिळतं. गुपित एकच आहे: एक वाटी ओलं तर दोन वाट्या कोरडं. पहिल्याच जुलैत मी इथे फसले. झाकण उघडलं तर आंबूस वास आणि पांढऱ्या अळ्यांची वळवळ. कोरडा पाला संपला होता आणि भर पावसात तो आणणार कुठून? शेवटी काथ्याचा भुसा दोन मुठी घातला, काठीने खालवर केलं, चार दिवसांत वास गेला. तेव्हापासून फेब्रुवारी-मार्चमध्ये आंब्या-फणसाचा गळलेला पाला पोत्यांत भरून ठेवते. दोन पोती पावसाळाभर पुरतात. पोती ठेवायला जागा नसेल तर माठाच्या भानगडीत पडू नका. आणि मासळी माठात अजिबात नको.

अंगण असेल तर मात्र खड्ड्याला तोड नाही. दोनेक फूट खोल, पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर, वर झावळ्यांचा आडोसा. मासळीचा कचरा फूटभर मातीखाली गाडून वर चिरा ठेवायचा, म्हणजे कुत्री उकरत नाहीत. विहिरीपासून तो लांब हवा, उताराच्या खालच्या बाजूला. पावसात आपल्या विहिरी काठोकाठ येतात हे विसरू नका. शिंपल्या कुजत नाहीत. सासूबाई त्या कुटून माडाच्या आळ्यात टाकतात. जांभ्याची माती आम्लधर्मी, तिला तो चुना मानवतो. करवंटी दोन्हीकडे वर्षानुवर्षं तशीच राहते, ती वेगळीच काढा. चवथीला गणपतीच्या वर टांगलेली फळा-पानांची माटोळी नंतर उतरवली की माठात मावणारच नाही. खड्ड्यात ती सगळी जाते. केवणीच्या, म्हणजे रानझुडपाच्या सालीच्या दोराने बांधली असेल तर दोरासकट, तार असेल तर आधी तार सोडवून.

गाडीला कचरा देणं म्हणजे जबाबदारी झटकणं, असं पुष्कळांना वाटतं. मला नाही पटत. साळगावच्या प्रकल्पात 2016 पासून ओल्या कचऱ्याचा बायोगॅस आणि त्यावर वीज तयार होते. तोच कचरा उघड्यावर ढिगात हवेवाचून कुजला तर मिथेन सुटतो, आणि तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट भारी पडतो. अट एवढीच की ओल्यात दुधाची पिशवी जाता कामा नये. मिसळलेला कचरा दिलात तर सगळंच मुसळ केरात.

विजेवर चालणारी खतयंत्रं मी विचारातच घेतली नाहीत. नुसत्या हवेवर जे कुजतं, त्यासाठी वीज कशाला जाळायची?

तर अंगण असेल तर खड्डा, डोळे मिटून. फ्लॅट असेल आणि पाला साठवायला गॅलरीचा कोपरा असेल तर भाजीपाल्याला माठ, मासळीला गाडी. तोही नसेल तर सगळं गाडीला, पण नीट वेगळं करून. आमच्याकडे बांगड्याची डोकी कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात फ्रीझरमध्ये ठेवतो आणि गाडीची घंटा ऐकू आली की बाहेर काढतो. घरात वास नाही, जिन्यात मांजरं नाहीत.