आप्पांचा दगड: काळा पाषाण की ग्रॅनाईट, टाकी की मशीन

वर्षश्राद्धाच्या आत आप्पांच्या नावाचा दगड शेतात उभा राहिला पाहिजे, असं आईनं सांगितलं आणि आम्हा भावंडांत दोन तट पडले. पुण्यातल्या भावाला चकचकीत काळा ग्रॅनाईट हवा होता, त्यावर आप्पांचा फोटो. मला टाकीनं, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीनं, घडवलेला काळा पाषाण हवा होता. आमचं रान बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. दगड फणसाखाली उभा राहायचा होता, जिथं आप्पा दुपारची भाकरी खायचे. चार महिने मी खाणी, पॉलिशचे कारखाने आणि पाथरवटांची छपरं हिंडले. त्यातून जे हाती लागलं ते हे. तुमच्या घरात हाच विषय चालला असेल तर उपयोगी पडेल.

आधी एक गुंता सोडवू. दगड कुठला घ्यायचा आणि अक्षरं कशी काढायची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण धरून चालतो की पाषाण म्हणजे हातकाम आणि ग्रॅनाईट म्हणजे मशीन. तसं नाही. ग्रॅनाईटवरही टाकी चालते, फक्त वेळ आणि मजुरी जास्त लागते. पाषाणावरही मशीननं अक्षरं काढून मिळतात. भावाचं आणि माझं भांडण निम्मं या गुंत्यामुळंच होतं.

दगड

आपल्या पट्ट्यात पाऊस सगळीकडे सारखा नाही, आणि दगडाची निवड खरी तिथंच ठरते. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात आठवडे-आठवडे ऊन दिसत नाही. दगडावर शेवाळ चढतं, त्यावर धूळ बसते, दोन वर्षांत अक्षरं बुजतात. अथणी-रायबागकडे उलटं: पाऊस थोडा, ऊन कडक. अथणीत शोभेल तो दगड कणकुंबीत शोभेलच असं नाही.

काळा पाषाण म्हणजे आपला बेसाल्ट. जड, चिवट, पाणी फार न पिणारा. आपल्याकडच्या गावांत मारुतीच्या देवळाच्या आडोशाला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, उभे असतात. ऊन-पाऊस खाऊन वीरांची नाकं-डोळी झिजली, पण वरच्या कोपऱ्यातले चंद्र-सूर्य अजून ओळखू येतात. बारीक काम आधी जातं, ठसठशीत काम राहतं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, १२०४ सालची. तिच्या छताला लोंबणाऱ्या कमळाच्या पाकळ्या अजून रेखीव आहेत, कारण त्या छपराखाली आहेत. नाजूक नक्षी हवी असेल तर वर छत्री बांधा. उघड्यावर ठेवायचं असेल तर मोजकं आणि खोल कोरा.

पाषाण निवडताना दोन गोष्टी स्वतः करा. दगड दोन ओंडक्यांवर ठेवायला सांगा आणि हातोडीनं हलकं वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत चीर आहे असं समजा. मग बादलीभर पाणी ओता आणि वाळेपर्यंत शेजारी बसा. सगळा दगड वाळला तरी चिरेच्या जागी केसाएवढी ओली रेघ राहते. आम्ही पसंत केलेला पहिला दगड याच परीक्षेत गेला. वरून तो नितळ होता. रेघ निघाली ती बरोबर आप्पांचं नाव यायचं त्या जागेतून. पांढरे ठिपके असलेला पाषाणही टाळा. ते ठिपके पुढं गळतात, तिथं भोक पडतं आणि नसलेल्या जागी अनुस्वार दिसायला लागतो.

ग्रॅनाईटमध्ये आपल्याला जवळचा म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचा तांबूस. काळाकुळकुळीत हवा असेल तर चामराजनगरकडचा. पॉलिश केलेल्या ग्रॅनाईटवर पाणी ठरत नाही, शेवाळ सहज धरत नाही, ओल्या फडक्यानं पुसला की झालं. जोराच्या पावसाच्या गावात हा त्याचा मोठा गुण आहे आणि भावाचं म्हणणं इथं खरं होतं. पण उन्हात तो आरशासारखा चमकतो. दुपारी समोर उभं राहिलं तर नावाच्या आधी आपलंच तोंड दिसतं. मला ते सहन झालं नाही.

गोकाकचा वालुकाश्म रंगानं फार देखणा आहे. घटप्रभा जिथं ५२ मीटर खाली उडी घेते तिथले कडे पाहिले असतील तर दगडातले थर आठवतील. तेच थर स्मारकात अडचणीचे. थर उभे ठेवून पातळ फळी लावली की त्यात पाणी शिरतं आणि पापुद्रे सुटतात. चौथऱ्याला, बसायच्या कट्ट्याला आडवा वापरा, छान टिकतो. संगमरवर आपल्या पावसात नको. तो मऊ आहे आणि लिंबू, चिंच, कसलंही आंबट लागलं की त्याची झिलई जाते. खानापूरकडचा जांभा चौथऱ्यासाठी उत्तम, पण त्याच्या भोकाभोकांत अक्षर धरत नाही.

टाकी की मशीन

मशीनचे दोन प्रकार बघायला मिळतात. एकात वाळूचा झोत मारून अक्षर खोदतात, खोली साधारण दोन-तीन मिलिमीटर. दुसरं लेसर. ते फोटोसाठी वापरतात आणि बारीक दाण्याच्या काळ्या दगडावरच उठून दिसतं. लेसर दगडाचा फक्त वरचा पापुद्रा पांढुरका करतो, नखाला खोली जाणवतसुद्धा नाही. खोदलेल्या अक्षरांत सोनेरी रंग भरतात. तो उन्हानं उडतो आणि काही वर्षांनी पुन्हा भरावा लागतो.

टाकीचं अक्षर वेगळं. त्याच्या दोन भिंती उतरत्या असतात, मध्ये धार. पाव इंच खोल अक्षराला रंग लागत नाही, सावलीच त्याचा रंग. सकाळी ऊन तिरकं पडतं तेव्हा अक्षर आपोआप काळं होतं. म्हणून असा दगड पूर्वेला तोंड करून लावा. फणसाखाली दिवसभर सावली राहणार होती, ती अडचण आमचा दगड घडवणाऱ्या पाथरवट मिस्त्रींनीच पहिल्यांदा काढली. म्हणाले, “ताई, उन्हात वाचायचं की सावलीत, तेवढं आधी सांगा. मग अक्षराची जाडी ठरवतो.” एकाही कारखान्यात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शेवटी दगड झाडाच्या पूर्वेला सहा हात सरकवला.

मशीनचा खरा तोटा मला यंत्रात दिसला नाही, तो अक्षरांच्या वळणात दिसला. शहरातल्या एका दुकानानं संगणकावर नमुना काढून दिला. त्यात श आणि ल हिंदी वळणाचे होते. आम्हाला नावाखाली एकच ओळ हवी होती, “कष्टाळू आणि शब्दाला जागणारे”. नमुन्यात “कष्टालू” आलं होतं. दाखवलं तर उत्तर मिळालं, फॉन्टमध्ये असंच येतं, कळतंय की वाचताना. नाही कळत. आप्पांच्या तोंडी ल आणि ळ कधी एक झाले नाहीत, मरणानंतर का व्हावेत? ळ, ऱ्य, श्र आणि जोडाक्षरं एकेक करून तपासा. मशीनच घ्यायचं असेल तर चांगलं वळण असलेल्या माणसाकडून, एखाद्या जुन्या पेंटरकडून, खऱ्या मापात कागदावर नाव लिहून घ्या आणि त्यावरूनच साचा काढायला सांगा. हा मधला मार्ग स्वस्त आहे. हातकाम परवडत नसेल तर मी हाच सुचवेन.

चूक झाल्यावर काय, हेही आधीच विचारा. पाषाणावर चुकलं तर अक्षराच्या खोलीएवढा सगळा दर्शनी भाग टाकीनं उतरवावा लागतो. पॉलिशच्या ग्रॅनाईटवर चुकलं तर नवीन फळीच घ्यावी लागते.

वेळ आणि पैसा. मशीनवर अक्षरं एका दिवसात होतात. आमच्या हातकामाला सहा आठवडे लागले, त्यात दोन पावसानं खाल्ले. कारखान्यात भाव फुटावर आणि अक्षरावर सांगतात, पाथरवट घडाई आणि अक्षरं मिळून अंगावर काम घेतो. दोन्हीकडे वाहतूक आणि उभारणी वेगळी धरा. तीन फूट उंच, दोन फूट रुंद, चार इंच जाड एवढा पाषाण एकशे साठ किलोच्या पुढं जातो. तो बांधावरून चार माणसांनीच न्यायचा असतो, जीप तिथवर येत नाही.

आणखी एक, माझ्या जिवाला लागलेलं. दगडाची धूळ माणसाच्या छातीत बसते, सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. वालुकाश्म आणि ग्रॅनाईटमध्ये गारेचा, म्हणजे सिलिकाच्या स्फटिकांचा, अंश भरपूर, म्हणून त्यांची धूळ जास्त घातक. बेसाल्टमध्ये तो फार कमी. काम कुणालाही द्या, पण कापताना पाणी मारतात का आणि तोंडाला मास्क आहे का, हे बघा. आपल्या माणसाच्या आठवणीसाठी दुसऱ्याच्या घरातला माणूस खोकायला नको.

उभारणी

इथं घाई केली की दोन्ही दगड सारखेच फसतात. निपाणीकडच्या काळ्या रानात आमच्या चुलत सासऱ्यांची ग्रॅनाईटची समाधी तीन पावसाळ्यांत एका बाजूला कलली. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथं मुरूम लागेपर्यंत खणायचं आणि त्यावर पाया घ्यायचा. आमच्या तांबड्या मातीत ते सोपं गेलं. उभ्या दगडाचा पाव हिस्सा जमिनीत हवा. जोडाला साधी लोखंडी सळई घालू देऊ नका. ती गंजून फुगते आणि दगड फोडते. स्टेनलेस स्टील किंवा पितळ वापरा.

जागा स्वतःची नसेल तर आधी परवानगी. गायरान, रस्त्याची हद्द, वनखात्याची हद्द, सगळीकडे पुढं त्रास होतो. ख्रिस्ती दफनभूमीत दगडाच्या मापाचे नियम चर्चकडून आधी घ्या.

दिवा लावणार असाल तर चौथऱ्यात छोटा कोनाडा ठेवा, म्हणजे ज्योत दगडाच्या तोंडाला लागत नाही. धुवायला पाणी आणि मऊ ब्रश. अॅसिड नको, तारेचा ब्रश नको.

आम्ही पाषाणच घेतला. भावाच्या समाधानासाठी चौथऱ्यावर इलकलची एक फरशी बसवली, आई तिच्यावर बसते. अक्षरं खोदण्याआधी मिस्त्रींनी गेरूनं सगळा मजकूर दगडावर लिहून ठेवला आणि म्हणाले, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाचायला लावा. आईनं चष्मा पुसला आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. “कष्टाळू”च्या ळवर बोट जरा थांबलं. मग तिनं खालच्या मोकळ्या जागेकडे बघून विचारलं, “हितं दोन ओळी मावतील न्हवं?” आम्ही कुणी काही बोललो नाही. मिस्त्रींनी फूटपट्टी लावली, गेरूची एक फिकट रेघ ओढली आणि सांगितलं, “मावतील आई. दगड हलवायचा न्हाई, मी न्हाईतर माझा पोरगा हितंच येऊन काढंल.”