क्रूझवर रात्रीच्या जेवणाला काय घालावे: कंपन्यांच्या ड्रेस कोडचे परीक्षण

क्रूझ कंपनी निवडताना प्रवासाचा मार्ग, केबिन आणि भाडे यांची तुलना सगळेच करतात. संध्याकाळच्या पेहरावाचा नियम मात्र बहुतेकांना बॅग भरायला घेतल्यावर आठवतो. वास्तविक हा नियम कंपनीच्या सेवेचाच भाग आहे, कारण आठवडाभर रोज संध्याकाळी आपण कोणत्या दालनात बसणार, तिथले वातावरण कसे असणार आणि नटण्याचा कंटाळा आला तर जेवण कुठे मिळणार, हे सारे त्याच्यावर ठरते. म्हणून या परीक्षणात जेवणाची चव बाजूला ठेवून केवळ त्या जेवणाला काय घालून जावे, या नियमांचा विचार केला आहे. नियम किती कडक आहे यावर माझी पसंती ठरलेली नाही. तो वाचून घरीच कपड्यांचा निर्णय घेता येतो का आणि तो न पाळणाऱ्या प्रवाशाला जहाजावर नीटपणे जेवता येते का, या दोनच कसोट्या मी लावल्या आहेत.

या दोन्ही कसोट्यांवर क्यूनार्ड ही १८४० पासूनची कंपनी मला सर्वांत पुढे वाटते, आणि तीही सर्वांत जास्त अपेक्षा ठेवणारी असूनही. तिच्या जहाजांवर संध्याकाळी सहानंतर पेहराव बदलावा अशी अपेक्षा असते आणि प्रवासातल्या काही संध्याकाळी ‘गाला’ म्हणून जाहीर केलेल्या असतात. गालाच्या दिवशी पुरुषांनी डिनर जॅकेट (बो टायसोबत घालायचा औपचारिक काळा कोट, म्हणजेच टक्सिडो) किंवा गडद रंगाचा सूट, सोबत बो टाय किंवा साधा टाय, आणि स्त्रियांनी इव्हिनिंग गाऊन, कॉकटेल ड्रेस किंवा औपचारिक ट्राउझर सूट घालावा, असे कंपनी स्पष्ट लिहिते. आपल्या देशाचा औपचारिक पारंपरिक पोशाखही तिला तितकाच चालतो. इतर संध्याकाळी कॉलरचा शर्ट आणि नीटशी पँट पुरते, जॅकेट व टाय ऐच्छिक असतात, शॉर्ट्स आणि फाटक्या जीन्स मात्र चालत नाहीत. हे वाचल्यावर कोणाला काही विचारावे लागत नाही. अनेकांना डिनर जॅकेट या नावाचीच धास्ती वाटते, परंतु गडद सूट नियमात स्पष्टपणे बसत असल्यामुळे केवळ एका प्रवासासाठी डिनर जॅकेट विकत घेण्याचे काहीच कारण नाही.

क्यूनार्डची खरी हुशारी नियम न पाळणाऱ्यांच्या सोयीत आहे. गालाच्या रात्रीही साध्या कपड्यांतला प्रवासी केबिनमध्ये कोंडला जात नाही. बफे, पब आणि कॅसिनो यांसारख्या ठरावीक जागा त्याच्यासाठी खुल्या असतात. क्वीन मेरी २ या जहाजावर (पहिला प्रवास २००४) पबमध्ये बसून व्यवस्थित जेवता येते आणि तिथे बसलेल्या माणसाकडे कोणी वळून पाहत नाही. अर्थात नृत्याचे दालन आणि मुख्य रेस्तराँ त्या संध्याकाळी त्याच्यासाठी बंद राहतात, आणि अटलांटिक ओलांडताना सलग अनेक दिवस बंदर लागत नसल्यामुळे ही मर्यादा तिथे अधिक जाणवते. तरीही ती आधीच सांगितलेली असल्याने माझी तक्रार नाही. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ किंवा ‘मास्करेड’ अशा विषयांच्या गाला रात्रींसाठी वेगळे कपडे न्यावेत का, असे विचारले जाते. नेऊ नयेत. काळा सूट आणि पांढरा शर्ट पहिल्या विषयात आपोआप बसतो, आणि दुसऱ्यासाठी बॅगेच्या कोपऱ्यात मावणारा एक मुखवटा पुरतो.

दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन क्रूझ लाइन आहे. २००० साली या कंपनीने ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली, जेवणाच्या ठरावीक वेळा आणि ठरावीक टेबले काढून टाकली आणि औपचारिक रात्रींची सक्तीही संपवली. ज्यांना नटायचे आहे त्यांच्यासाठी एक संध्याकाळ असते, पण ती पूर्णपणे ऐच्छिक. व्हर्जिन व्हॉयेजेसच्या प्रौढांसाठीच असलेल्या जहाजांवर तर औपचारिक रात्र नाहीच. ‘स्कार्लेट नाइट’ला लाल रंगाचे काहीतरी अंगावर असावे एवढीच हौसेची अपेक्षा असते. दोन्ही ठिकाणी नियम एका वाक्यात कळतो, आणि कडक नसूनही स्पष्ट असल्यामुळे तो मला चांगला वाटतो. उणीव एवढीच की सगळेच आपापल्या मनाप्रमाणे येत असल्याने संध्याकाळीही दुपारचाच माहोल टिकून राहतो. समुद्रावरच्या रात्रीला थोडा थाट हवा असे ज्यांना वाटते, त्यांनी हे गृहीत धरावे.

गोंधळ आहे तो या दोन टोकांच्या मधल्या कंपन्यांत. सेलिब्रिटी क्रूझेसने २०१५ मध्ये औपचारिक रात्री बंद करून ‘इव्हिनिंग शिक’ ही नवी श्रेणी आणली. तीत पुरुषांना ब्लेझर ऐच्छिक आहे आणि डिझायनर जीन्सही चालतात. ऐकायला हे सैल आणि सुखाचे वाटते, परंतु डिझायनर जीन्स आणि साधी जीन्स यांतला फरक दारावरच्या कर्मचाऱ्याने नेमका कशावरून ओळखायचा, हा प्रश्न उरतोच. परिणामी एकाच टेबलावर एक जण सूटमध्ये आणि दुसरा जीन्समध्ये बसतो, आणि आपण कमी पडलो की जास्त झालो, या शंकेत दोघेही जेवतात. कार्निव्हलची ‘क्रूझ कॅज्युअल’ आणि ‘क्रूझ एलिगंट’ ही विभागणी त्या मानाने बरी, कारण काय घालावे यापेक्षा काय घालू नये हे ती नीट सांगते: एलिगंट रात्री मुख्य भोजनकक्षात शॉर्ट्स, टी-शर्ट, खेळाचे कपडे आणि टोप्या नकोत. वायकिंगच्या समुद्री जहाजांवर औपचारिक रात्र नसते. सगळ्या संध्याकाळी एकच मध्यम पातळी, त्यामुळे बॅग हलकी राहते. मात्र जीन्स तिथल्या बहुतेक रेस्तराँना संध्याकाळी मान्य नाहीत, हे ‘औपचारिक रात्र नाही’ एवढेच वाचून निघालेल्यांना उशिरा कळते.

नियमाइतकीच त्याची अंमलबजावणीही महत्त्वाची असते. एका जहाजावर, ज्याचे नाव इथे देत नाही, औपचारिक रात्री दारावर एका गृहस्थाला शॉर्ट्समुळे थांबवले गेले, आणि थोड्याच वेळात तशाच शॉर्ट्समधल्या दोघांना शेजारच्या दारातून आत बसवले गेले. नियम कडक असणे मला खटकत नाही. तो कर्मचाऱ्याच्या मर्जीवर चालणे खटकते, कारण त्याने नियम पाळणारा आणि न पाळणारा असे दोघेही नाराज होतात. एक आणखी निरीक्षण: जवळजवळ प्रत्येक कंपनी पुरुषांचा पेहराव नेमका सांगते आणि स्त्रियांना मात्र चार-पाच पर्याय देऊन सोडते. हे स्वातंत्र्य म्हणून चांगले आहे, पण बॅगेत त्याची किंमत मोजावी लागते. त्यावर उपाय म्हणजे एक काळा किंवा गडद निळा साधा ड्रेस किंवा पँट व टॉपची एकरंगी जोडी आणि तिच्याबरोबर बदलण्यासाठी दोन शाली व वेगवेगळे दागिने. रोज नवे चेहरे भेटणाऱ्या दालनात ड्रेस तोच आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

कोणत्या रात्री काय घालावे याचा अंदाज वेळापत्रकावरून बांधता येतो. औपचारिक रात्री सहसा जहाज दिवसभर समुद्रात असते त्या दिवशी ठेवतात, कारण बंदरावरून उशिरा आणि थकून परतलेल्या माणसाला टाय बांधण्याची हौस नसते. सात रात्रींच्या प्रवासात अशा रात्री बहुतेक दोन असतात. पहिली आणि शेवटची रात्र साधी ठेवण्याचा जुना संकेत आजही टिकून आहे, आणि त्यामागचे कारण व्यवहारी आहे: पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोहोचायला कित्येकदा संध्याकाळ होते आणि शेवटच्या रात्री त्या बंद करून दाराबाहेर ठेवायच्या असतात. म्हणून पहिल्या रात्रीचा शर्ट हातातल्या बॅगेत असावा आणि शेवटच्या रात्रीनंतर घालायचे कपडे व बूट मोठ्या बॅगेत जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी.

कपड्यांची निवड दिसण्यापेक्षा जहाजाकडे पाहून करावी. आगीच्या धोक्यामुळे केबिनमध्ये स्वतःची इस्त्री वापरायला बंदी असते आणि वाफेची छोटी इस्त्रीही बहुतेक कंपन्या सुरक्षा तपासणीतच काढून घेतात. काही कंपन्यांच्या जहाजांवर प्रवाशांनी स्वतः वापरायची लाँड्री आणि तिथे इस्त्री असते, काहींच्या जहाजांवर नसते. ही माहिती ड्रेस कोडच्याच पानावर असायला हवी, पण ती तिथे क्वचितच सापडते. लिननचा सुंदर शर्ट बॅगेतून चुरगळून निघाला की त्याचा उपयोग संपतो, त्यामुळे विणीचे, थोडे ताणले जाणारे किंवा न चुरगळणाऱ्या मिश्र धाग्याचे कापड बरे. भोजनकक्षातली वातानुकूलन यंत्रणा बाहेर कितीही उकाडा असला तरी गारठा आणते, तेव्हा उघड्या खांद्यांच्या ड्रेससोबत शाल हवीच. बारीक टाचांचे बूट जहाज हलताना त्रासदायक ठरतात आणि डेकवरच्या लाकडी फळ्यांच्या फटींत अडकतात; रुंद टाच किंवा सपाट चामडी बूट औपचारिक रात्रीलाही अगदी शोभतात. पायघोळ गाऊन नेणाऱ्यांनी जिन्यांचा विचार करावा, कारण औपचारिक रात्री जेवणाच्या वेळेस लिफ्टसमोर भरपूर गर्दी असते.

त्या रात्री जागोजागी उभे असलेले छायाचित्रकार हाही या सेवेचाच भाग आहे. ते फोटो काढतात ते विकण्यासाठी, आणि विकत घेण्याची सक्ती नसते. ज्यांना नटूनथटून एखादा चांगला फोटो हवा असेल त्यांनी जेवणाआधीच काढून घ्यावा, कारण जेवणानंतर नृत्याच्या दालनाकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांच्यासमोर लांब रांग लागते.