व्हीट जर्म : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गव्हाचा अंकुरभाग, म्हणजे दुकानात ‘व्हीट जर्म’ या नावाने मिळणारा पदार्थ, मी आठ महिन्यांपासून स्वयंपाकात वापरत आहे. पहिला पुडा घरी आला तेव्हा सासूबाईंनी तो गव्हांकुराच्या रसाची पूड समजून बाजूला ठेवला होता, आणि मलाही तो कोंड्याचाच महागडा भाऊबंद वाटला होता. प्रत्यक्षात दाण्याच्या ज्या टोकातून कोंब फुटतो तो हा भाग. वजनाने दाण्याच्या जेमतेम अडीच-तीन टक्के. तेलकट असल्यामुळे रोलर मिलमध्ये, म्हणजे रुळांमध्ये दळणाऱ्या मोठ्या गिरणीत, त्याचे पीठ न होता तो चपटा होतो आणि चाळणीवर वेगळा निघतो, म्हणून पुड्यात फिकट पिवळे, बारीक पापुद्रे दिसतात.

पहिले दोन महिने मी तो रोज कणकेत मिसळला, आणि ते श्रम जवळजवळ वाया गेले. गहू गिरणीतून दळून आणणाऱ्या घरात अंकुरभाग पिठात असतोच. वरून घातलेल्या चमचा-दोन चमच्यांनी पोळीच्या चवीत काही भर पडली नाही. उलट लाटताना कडा चिरू लागल्या. जिथे पीठ ताणले जाण्याची गरज नसते, तिथे मात्र हा पदार्थ खुलतो. थालिपिठाच्या भाजणीत वाटीला दोन चमचे घातले की कड खुसखुशीत होते. कटलेट घोळवायला ब्रेडच्या चुऱ्यापेक्षा तो मला जास्त आवडला. नाचणीच्या लाडवांत तर तो आता कायमचा झाला आहे, फक्त नाचणीच्या पिठाबरोबर एकाच कढईत भाजू नये, कारण पीठ भाजून होईपर्यंत पापुद्रे करपतात. वेगळा, मंद आचेवर, सतत हलवत पाच-सहा मिनिटे भाजला की रंग बदामी होतो आणि शेंगदाणे भाजल्यासारखा वास सुटतो. वास आला की लगेच ताटात काढावा, कारण गरम कढईत तो पुढे भाजतच राहतो.

ब्रेडच्या बाबतीत धडा मिळाला. 500 ग्रॅम मैद्यात 50 ग्रॅम कच्चा जर्म घातला, तर मळलेले पीठ हाताला चिकटत सैल पडले आणि ब्रेड फुगण्याऐवजी बसला. कच्च्या जर्ममधील ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य ग्लुटेनची, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या गव्हातील प्रथिनांची, जाळी कमकुवत करते, हे नंतर वाचनात आले. तेवढाच जर्म भाजून घातल्यावर ब्रेड व्यवस्थित उभा राहिला, थोडा घट्ट असला तरी चवीला उजवा. नानकटाईत ही अडचणच येत नाही.

मोठे नुकसान झाले ते मे महिन्यात. अर्धा किलोचा कच्चा पुडा फोडून डब्यात भरला आणि डबा ओट्याशेजारी ठेवला. तीन आठवड्यांनी त्याचे लाडू वळले, पाहुण्यांनी एकेक घास खाऊन ताटलीत ठेवले, तेव्हा मी चाखून पाहिले : तेल खवट झाले होते आणि मागाहून जिभेवर कडवटपणा रेंगाळत होता. जर्ममधील स्निग्धांश आणि तो मोडणारी विकरे (एन्झाइम) एकत्रच असतात. पिठाच्या टिकाऊपणासाठी मोठ्या रोलर गिरण्या हा भाग काढून टाकतात तो याच कारणाने. तेव्हापासून मी पाव किलोच घेते, आणल्या दिवशी सगळा भाजते आणि तारखेची चिठ्ठी लावलेल्या बरणीत भरून फ्रीजरमध्ये ठेवते.

पोषणाच्या दृष्टीने 100 ग्रॅममध्ये सुमारे 23 ग्रॅम प्रथिने, शिवाय ई जीवनसत्त्व, फोलेट आणि जस्त चांगल्या प्रमाणात असते, परंतु दिवसाला दोन चमचे, म्हणजे पंधराएक ग्रॅम खाणाऱ्याला त्यातून साडेतीन ग्रॅमच प्रथिने मिळतात. वाटीभर उसळीची जागा तो घेणार नाही. ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांनी यापासून दूरच राहावे.

एक तक्रार अजून कायम आहे. मी आतापर्यंत घेतलेल्या पुड्यांपैकी निम्म्यांवर माल कच्चा आहे की भाजलेला, हे छापलेलेच नव्हते, त्यामुळे पुडा फोडून वास घेतल्याशिवाय मी त्यातला चमचाभरही वापरत नाही.