आपोआप उगवलेलं ठेवावं की नर्सरीतलं आणावं?

मृगाच्या सरी पडल्या की रामबागेतली अंगणं असोत, नाहीतर सुदामा नगरातल्या गच्चीवरच्या कुंड्या, न पेरलेली रोपं डोकं वर काढतात. इंदुरात ओला-सुका कचरा वेगळा करणं आता अंगवळणी पडलंय आणि काही घरांत ओल्या कचऱ्याचं खतही घरीच होतं. हा ढीग ५५-६० अंशांपर्यंत क्वचितच तापतो. त्यामुळे टोमॅटो, गिलकी (घोसाळं), कारलं, बालम ककडी यांच्या बिया त्यात तगतात आणि खताबरोबर वाफ्यात येतात. मग जागेचा प्रश्न येतो: हे रोप ठेवायचं की उपटून तिथे नर्सरीतलं लावायचं? फुकट मिळालं म्हणून ठेवू नका आणि पेरलं नव्हतं म्हणून उपटूही नका. ते रोप कोणत्या बीचं आहे, त्यावर ठरवा.

टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणून देशी वाणाचं बी मूळ झाडासारखंच निघतं. मंडईतला टोमॅटो मात्र बहुतेक वेळा संकरित असतो. त्याच्या पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि एकाच वाफ्यातली चार रोपं चार तऱ्हेची फळं देतात. खायला ती चांगलीच असतात, पण आकार, चव, उत्पन्न यांचा भरवसा नाही. वाफा ऐसपैस असेल तर दोन जोमदार रोपं जरूर ठेवा. दोनच कुंड्या असतील तर मी वाणाचं नाव विचारून नर्सरीतलं रोप घेईन. ठेवलेलं रोप चार-सहा पानांवर आलं की संध्याकाळी हलवा आणि खोडाचा खालचा भाग मातीत गाडा, त्यालाही मुळं फुटतात. पानं आकसून वळायला लागली तर तो पांढऱ्या माशीने आणलेला रोग असू शकतो. असं रोप ताबडतोब काढा.

पालेभाज्यांत नर्सरीची गरजच नाही. पावसाळ्यात घोळ आणि तांदुळजा, थंडीत चाकवत, ज्याला इथे बाजारात बथुआ म्हणतात, हे सगळं विकतपेक्षा कोवळं मिळतं. डाळ घालून केलेली घोळ किंवा चाकवताची ताकातली भाजी ज्यांना आवडते, त्यांनी कुंडीचा एक कोपरा मोकळाच सोडावा. मात्र ओळख पक्की हवी. घोळीसारखीच जमिनीलगत पसरणारी दुधी नावाची वनस्पती असते (दुधी भोपळा नव्हे). तिचा देठ मोडला की पांढरा चीक येतो. घोळीला चीक नसतो, तिची पानं मांसल असतात. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी घोळ बेतानेच खावी, तिच्यात ऑक्झॅलेट बरंच असतं. आणि रस्त्याकडेची किंवा नाल्याकाठची भाजी कितीही तजेलदार दिसली तरी घरात आणू नये.

सर्वांत जास्त विचार वेलांचा करायला हवा. एक गोष्ट त्यांच्या बाजूने आहे: भोपळावर्गातल्या वेलांना मुळं हलवलेली सोसत नाहीत, त्यामुळे जागेवर उगवलेला वेल पिशवीतून आणलेल्या रोपाला सहज मागे टाकतो. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात. तेवढ्यावरून वेल वांझ ठरवून उपटू नका, फुलाखाली इवलंसं फळ असलेली मादी फुलं मागाहून येतात. भोपळ्याचं आणि गिलकीचं फूल सकाळी उमलतं, दुधी भोपळ्याचं संध्याकाळी. मधमाश्या फिरकत नसतील तर त्या त्या वेळी नर फूल मादी फुलावर हलकेच फिरवा.

पण या वेलांत परागीकरण कीटकांकडून होतं, म्हणून बीमध्ये कुणाचा अंश आलाय ते कळत नाही. एखाद्या वेलाची फळं कडू निघतात. हा कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि तो शिजवूनही जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. म्हणून उगवलेल्या वेलाचा दुधी किंवा गिलकी चिरताना कच्चा कण जिभेवर ठेवून बघा. कडू लागलं तर लगेच थुंका, फळ टाका आणि वेलही काढा. साखर-मीठ घालून खपवू नका. घरात कुणी रोज सकाळी दुधीचा रस घेत असेल, तर त्यासाठी आपोआप आलेला वेल मी ठेवणारच नाही. खात्रीच्या पाकिटातलं बी लावेन, आणि रस काढण्याआधी तेही चाखेन. कारल्याला मात्र ही चाचणी लागू नाही, त्याचा कडूपणा वेगळा. उगवलेलं कारलं खुशाल मांडवावर चढवा.

मिरचीत मी सरळ नर्सरीच्या बाजूने आहे. वाळक्या मिरचीच्या बीपासून आलेलं रोप फळायला वेळ घेतं, आणि तिखटपणा काय निघेल ते सांगता येत नाही. बटाट्याला कोंब फुटून पाला आलाच असेल तर राहू द्या, पाला पिवळा पडल्यावर उकरा. उन्हाने हिरवे पडलेले बटाटे तेवढे बाजूला काढा.