सी-८६ : माझ्या कॅसेटवर नसलेली गाणी

चेरी रेड या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीने २०१४ साली काढलेला ‘सी-८६’ या जुन्या गाणी-संग्रहाच्या कॅसेटचा तीन सीडींचा संच शेवटी घेतला, तोही वापरलेला. विकणाऱ्याने ‘उत्तम स्थिती’ लिहिलं होतं. डबीचं झाकण हातात आलं. असो, सीड्यांवर ओरखडा नाही.

यात मला नवं काही मिळणार नाही, अशी खात्री होती. १९८७ साली इंग्लंडमध्ये लीड्सला शिकायला गेले, तेव्हा हॉस्टेलात शेजारच्या खोलीतल्या मुलाकडे मूळ कॅसेट होती. एनएमई या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाने १९८६ साली रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीबरोबर काढलेली. २२ बँड, प्रत्येकाचं एकच गाणं. त्याने मला ती साठ मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून दिली आणि मी ती फीत चुरगळेपर्यंत वाजवली.

आता मूळ २२ गाण्यांची पहिली सीडी लावली. प्रायमल स्क्रीमचं गाणं दीड मिनिटाचंही नाही, पण तेवढ्यात ती खोली परत आली, हीटरवर वाळत घातलेल्या मोज्यांच्या वासासकट. आणि मग स्टम्प हा बँड लागला. हे कोण? बेस सापासारखा वळवळतोय, गाणारा भांडतोय की गातोय कळत नाही. पुढे बॉगशेड, बिग फ्लेम. एकही ओळखीचं नाही! मग डोक्यात प्रकाश पडला. साठ मिनिटांत २२ गाणी मावेनात, म्हणून पठ्ठ्याने स्वतःला न आवडणारी गाळली होती. मला बोलला मात्र नाही.

म्हणजे इतकी वर्षं मी ज्याच्या आठवणीने हळवी होत होते, ती त्याची निवड होती. सी-८६ म्हणजे किणकिणत्या गिटारी आणि लाजरीबुजरी पोरं, असं मी लोकांना छातीठोकपणे सांगत आले. (त्या गिटारीला इंग्रजीत ‘जँगली’ म्हणतात; मराठीत वाचलं तर भलतंच होतं.) पेस्टल्स, शॉप असिस्टंट्स तसे आहेतच, पण जवळपास अर्धी कॅसेट खरखरीत, तिरकी, मुद्दाम अडखळणारी आहे. स्टम्प मला आता पेस्टल्सपेक्षा जास्त आवडतात, हे त्या मुलाला कळवायला हवं.

उरलेल्या दोन सीड्यांवर त्याच काळातली आणखी ५० गाणी आहेत. निवड नील टेलरची, म्हणजे मूळ कॅसेटची गाणी निवडणाऱ्यांपैकीच एकाची. एका बैठकीत ऐकू नका. तिसऱ्या सीडीच्या मध्यावर सगळे बँड भाऊ-भाऊ वाटू लागतात. पुस्तिका भरपूर मजकुराची, पण अक्षर मुंगीएवढं. एनएमईचे जुने वाचक आता कोणत्या वयाचे असतील, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

पहिल्या सीडीवरचं, म्हणजे मूळ कॅसेटचं, शेवटचं गाणं वेडिंग प्रेझेंटचं, लीड्सच्याच पोरांचं. माझ्या कॅसेटवर ते मध्येच तुटायचं, फीत संपायची. परवा पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. तरी ती जागा आली तशी मी कॅसेट उलटायला उठले होते.